अनुक्रमणिकेतून लेख गळतो तो स्टाइलच्या नावामुळे

महोदय,

दिवाळी अंक छापून, बांधून विक्रेत्यांकडे जातो आणि मग एखाद्या लेखकाचा फोन येतो: अनुक्रमणिकेत माझ्या लेखाचे नावच नाही. लेख अंकात असतो, पानही बरोबर असते, मथळा ठसठशीत छापलेला असतो. मुद्रितशोधकाने तो लेख तीनदा वाचला तरी त्याला ही चूक सापडत नाही, कारण पानावर चुकीचे काहीच नसते. चूक असते मांडणीच्या फाइलमध्ये. बाकीच्या लेखांच्या मथळ्यांना ‘लेख मथळा’ ही पॅराग्राफ स्टाइल लावलेली असते आणि या एका लेखाला ‘लेखमथळा’. दोन्हींचा फॉन्ट तोच, आकार तोच २८ पॉइंट, रंगही तोच. पण अनुक्रमणिका नावावरून गोळा होते. ज्या नावाची स्टाइल तिला सांगितली नाही तो मथळा ती उचलत नाही, आणि उचलला नाही असे सांगतही नाही.

मराठी मुद्रणाबद्दल चर्चा होते ती फॉन्टची, शुद्धलेखनाची, कागदाच्या भावाची. टेम्प्लेटमधल्या, म्हणजे अंकाच्या तयार साच्यामधल्या, स्टाइलच्या नावांबद्दल कोणी बोलत नाही. ही नावे वाचकाला कधीच दिसत नाहीत, म्हणून ती घाईत, मनाला येईल तशी ठेवली जातात. त्यापायी दर वर्षी किती रात्री खर्ची पडतात आणि किती चुका छापल्या जातात, हे अक्षरजुळणी आणि मांडणी करणाऱ्यांना ठाऊक आहे. प्रकाशक आणि संपादक यांनीही हे समजून घ्यावे, म्हणून हे पत्र.

पॅराग्राफ स्टाइल म्हणजे परिच्छेदाच्या सगळ्या सूचनांचे एका नावाखाली बांधलेले गाठोडे: फॉन्ट, आकार, दोन ओळींमधले अंतर, समासापासूनची जागा, भाषा, शब्द कुठे तोडायचा. नाव लावले की सूचना लागू होतात. स्टाइल बदलली की ते नाव लावलेले सगळे परिच्छेद एकदम बदलतात. २०० पानांच्या अंकात मजकूर १२ पॉइंटांवरून ११.५ करायचा तर काम एका मिनिटाचे, पण मजकुराचे नाव सगळीकडे एकच असेल तरच.

सर्वात मोठा घोळ होतो तो दिसण्यावरून नाव ठेवल्यामुळे. ‘श्री १२ बोल्ड’, ‘लाल मोठे’, ‘मधोमध इटालिक’, ‘मुक्ता १४’ अशी नावे जुन्या टेम्प्लेटमध्ये हमखास आढळतात. पेजमेकर या जुन्या मांडणी-सॉफ्टवेअरच्या काळात याला थोडे कारण होते. तेव्हाच्या मराठी फॉन्टना एक सांकेतिक पद्धत नव्हती. एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडला की निरर्थक चिन्हे दिसत, त्यामुळे कोणता फॉन्ट आहे हे नावात लिहिणे सोयीचे वाटे. युनिकोड ही एकच सांकेतिक पद्धत आल्यावर ती गरज संपली, नावे मात्र तशीच राहिली. आज ‘श्री १२ बोल्ड’ या नावाखाली भलताच युनिकोड फॉन्ट, १३ पॉइंट आणि साधे वजन असते. नवा ऑपरेटर त्या नावावर विश्वास ठेवून ती स्टाइल ठळक ओळीला लावतो, ओळ ठळक होत नाही, मग तो हाताने ठळक करतो. इथून पुढे ती ओळ स्टाइलच्या ताब्यात राहत नाही.

म्हणून नाव कामावरून ठेवावे: लेख मथळा, उपमथळा, लेखक नाव, मजकूर, मजकूर पहिला, चित्रओळ, चौकट मथळा, चौकट मजकूर, तळटीप, कविता ओळ. रंग पुढच्या वर्षी बदलेल, फॉन्ट बदलेल. चित्राखालची ओळ चित्राखालचीच राहील. ‘मजकूर पहिला’ वेगळा ठेवावा, कारण मथळ्याखालच्या पहिल्या परिच्छेदाला आत सरकवायचे नसते आणि मोठे आद्याक्षर असेल तर तेही त्यातच बसवता येते.

कवितेबद्दल थोडे सविस्तर, कारण तिथे सर्वात जास्त नासधूस होते. पुष्कळजण पूर्ण कडवे एक परिच्छेद करतात आणि ओळ शिफ्ट-एंटरने तोडतात. लांब ओळ अरुंद रकान्यात मावली नाही की तिचा उरलेला भाग खाली येतो, तो आत सरकलेला हवा, म्हणजे वाचकाला ती नवी ओळ वाटणार नाही. पण परिच्छेदाची उलटी सरक पहिली ओळ सोडून बाकी सगळ्या ओळींना सारखीच लागते. कडवे एक परिच्छेद असेल तर दुसरी, तिसरी, चौथी ओळही आत सरकते. त्यामुळे कवितेची प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद हवी. स्टाइल दोन लागतात: ‘कविता ओळ’, जिच्याखाली जागा शून्य, आणि ‘कविता कडवेअखेर’, जिच्याखाली अर्ध्या किंवा एका ओळीची जागा. रिकामे एंटर मारून कडवी वेगळी करू नयेत. पान उलटताना तो रिकामा परिच्छेद पुढच्या रकान्याच्या डोक्यावर जाऊन बसतो.

आता नाव देवनागरीत ठेवावे की रोमन लिपीत, हा प्रश्न. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरला देवनागरी नावे चालतात, आणि संपादकालाही वाचता येणारे नाव असणे केव्हाही चांगले. पण मराठीत एक खाचखळगा आहे. ‘दुसऱ्या पातळीचा मथळा’ हे नाव घ्या. यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावे आहेत. स्टाइलची यादी दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये एकाखाली एक अगदी सारख्या नावाच्या दोन स्टाइल दिसल्या तर आधी हा संशय घ्यावा. उपाय सोपा आहे: नावात ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ येऊच देऊ नये. ‘दुसऱ्या पातळीचा मथळा’ऐवजी ‘मथळा २’ लिहावे. दोन शब्दांत एकच स्पेस, तीही ठरवून. स्वल्पविराम नको, कारण वर्डमध्ये स्टाइलच्या नावात स्वल्पविराम टाकला की पुढचा भाग त्याच स्टाइलचे दुसरे नाव समजला जातो. चौकोनी कंसही नको, कारण ती इनडिझाइनच्या स्वतःच्या, पुसता न येणाऱ्या स्टाइलची खूण आहे. आणि रोमन नावे ठेवलीच तर लहान-मोठी अक्षरे जपावीत. पहिले अक्षर मोठे आणि पहिले अक्षर लहान अशी दोन नावे दोन स्टाइल होतात.

नावाआधी दोन आकडी क्रमांक द्यावा, आणि तो इंग्रजी अंकांत टंकावा. १० मजकूर, ११ मजकूर पहिला, २० लेख मथळा, २१ उपमथळा, २५ लेखक नाव, ४० कविता ओळ, ४१ कविता कडवेअखेर, ५० चित्रओळ, ६० चौकट मथळा, ६१ चौकट मजकूर, ७० तळटीप. मध्ये मोकळे आकडे सोडले की नवी स्टाइल तिच्या जागी घालता येते. पॅनेल नावानुसार लावले तर कुळे एकत्र राहतात. याहून मोठा फायदा असा की इनडिझाइनमध्ये कंट्रोल-एंटर दाबून नावाने स्टाइल शोधता येते, तिथे ४१ टंकले की कळफलक मराठीत न बदलता ती सापडते. ज्याला दिवसाला शेकडो वेळा स्टाइल लावायची आहे त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

दुसरे दुखणे ‘बेसिक पॅराग्राफ’चे. ही स्टाइल इनडिझाइनच्या प्रत्येक फाइलमध्ये असतेच. तिचे नाव बदलता येत नाही, ती पुसताही येत नाही. पण तिची व्याख्या प्रत्येक फाइलमध्ये वेगळी असू शकते. टेम्प्लेटमधल्या सगळ्या स्टाइल तिच्यावर आधारल्या आणि पान दुसऱ्या फाइलमध्ये नेले की तिथली ‘बेसिक पॅराग्राफ’ राज्य करू लागते. फॉन्ट बदलतो, ओळींचे अंतर बदलते आणि ओळी वाहून जातात. म्हणून ‘०० मूळ’ अशी आपली एक स्टाइल करावी, तिचा आधार ‘नो पॅराग्राफ स्टाइल’ ठेवावा, आणि बाकी सगळ्या तिच्यावर बसवाव्यात. देवनागरीसाठी लागणाऱ्या गोष्टी या एकाच ठिकाणी ठरवाव्यात: भाषा मराठी, जस्टिफिकेशनमधला कंपोझर, म्हणजे अक्षरे आणि ओळी जुळवणारी यंत्रणा, ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’, अक्षरांमधल्या जागेचे किमान, इष्ट आणि कमाल असे तिन्ही आकडे शून्य, म्हणजे शिरोरेषा तुटणार नाही. वर्ल्ड-रेडी कंपोझर नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी पडतात. ओळींचे अंतरही आपोआपवर सोडू नये. १२ पॉइंटांना आपोआप मिळतात १४.४ पॉइंट, आणि ‘कैवल्य’मधल्या मात्रा वरच्या ओळीतल्या ‘कृपा’च्या पायाशी टेकतात. १६ पॉइंट द्यावेत.

आता सगळ्यात रोजचा त्रास: लेखकांकडून येणाऱ्या वर्ड फाइली. चाळीस लेखकांचे चाळीस लेख थेट आणले की पॅनेलमध्ये ‘नॉर्मल’, ‘नॉर्मल वेब’, ‘लिस्ट पॅराग्राफ’, ‘नो स्पेसिंग’ यांची गर्दी होते. नावासमोर फ्लॉपीचे चिन्ह दिसले की ती स्टाइल वर्डमधून आली असे समजावे. एकाच नावाच्या दोन स्टाइल भिडल्या आणि आयात करताना ‘ऑटो रिनेम’ निवडले असेल, तर नावाला ‘डब्ल्यूआरडी १’ असे शेपूट लागते. दुसऱ्या इनडिझाइन फाइलमधून स्टाइल आणताना तेच निवडले तर ‘कॉपी’ असे शेपूट लागते. वर्षभर हे चालले की टेम्प्लेटमध्ये ‘मजकूर’, ‘मजकूर कॉपी’, ‘मजकूर डब्ल्यूआरडी १’ नांदू लागतात, आणि यातला खरा कोणता हे कोणालाच सांगता येत नाही.

यावरचा मार्ग सरळ आहे. वर्ड फाइल ‘प्लेस’ करताना, म्हणजे इनडिझाइनमध्ये आणताना, ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’वर खूण करावी. वर्ड फाइलमधले नाव टेम्प्लेटमधल्या नावाशी तंतोतंत जुळत असेल तर पॅराग्राफ स्टाइलच्या संघर्षासाठी ‘यूज इनडिझाइन स्टाइल डेफिनिशन’ निवडावे. मजकूर येतो आणि टेम्प्लेटचे रूप घेतो. नाव जुळत नसेल तर ‘कस्टमाइज स्टाइल इम्पोर्ट’मधून ‘स्टाइल मॅपिंग’ उघडावे, ‘नॉर्मल’समोर ‘१० मजकूर’ आणि ‘हेडिंग १’समोर ‘२० लेख मथळा’ असे लावावे, आणि ही जुळणी प्रीसेट म्हणून जतन करावी. पुढच्या एकोणचाळीस लेखांना ती उपयोगी पडते.

लेखकाने वर्डमध्ये हाताने केलेली सजावट स्टाइलच्या नावापुढे अधिक चिन्ह म्हणून उतरते. ऑल्ट दाबून त्या नावावर क्लिक केले की ती निघून जाते, पण लेखकाने मुद्दाम ठळक केलेले शब्दही त्याबरोबर साधे होतात. त्यामुळे आधी ‘फाइंड-चेंज’ने ठळक शब्दांना कॅरेक्टर स्टाइल (पूर्ण परिच्छेदाला नव्हे, निवडक शब्दांना लागणारी स्टाइल) लावावी आणि मगच झाडलोट करावी. हा क्रम उलटा झाला तर मूळ फाइल समोर ठेवून एकेक शब्द शोधत बसावे लागते.

जुना टेम्प्लेट दुरुस्त करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, स्टाइलच्या नावावर डबल क्लिक करू नये. तसे केले की संपादनाची खिडकी उघडते खरी, पण निवडलेल्या परिच्छेदाला ती स्टाइल लागूनही जाते. काहीच निवडलेले नसेल तर पुढच्या सगळ्या नव्या मजकुराची ती मूळ स्टाइल होऊन बसते. उजवा क्लिक करून ‘एडिट’ घ्यावे. दुसरी, टेम्प्लेटवर ‘सिलेक्ट ऑल अनयूज्ड’ चालवू नये. टेम्प्लेट रिकामा असतो, त्यामुळे त्यातल्या उपयोगाच्या स्टाइलही न वापरलेल्या ठरतात. ही आज्ञा मागच्या वर्षीच्या पूर्ण झालेल्या अंकाच्या प्रतीवर चालवावी आणि काय उरते ते पाहून यादी ठरवावी. जुळ्या स्टाइल एकत्र करायच्या तर नको असलेली पुसावी. इनडिझाइन विचारते, त्या जागी कोणती लावू, तिथे योग्य नाव द्यावे. एका फाइलच्या आत नाव बदलले तर त्या फाइलची अनुक्रमणिका मोडत नाही. मोडतात ते फाइलबाहेरचे दुवे: जतन केलेली वर्डची जुळणी, नाव लिहून ठेवलेल्या स्क्रिप्ट, आणि बुक फाइलमधली इतर प्रकरणे.

बुक फाइलचे विशेष सांगायला हवे, कारण मोठे ग्रंथ आणि जाड दिवाळी अंक अनेक फाइलींत विभागून अनेकजण लावतात. ‘सिंक्रोनाइझ’ केले की मूळ फाइलमधल्या स्टाइल इतर फाइलींवर जातात, पण बदलतात त्या फक्त नाव जुळणाऱ्या. न जुळणाऱ्या जागच्या जागी राहतात आणि त्यांच्याशेजारी नव्या येऊन बसतात. पानाच्या डोक्यावर लेखाचे नाव आपोआप यावे म्हणून रनिंग हेडरचा व्हेरिएबल वापरला असेल तर तोही पॅराग्राफ स्टाइल पाहूनच नाव उचलतो. नाव चुकलेल्या लेखाच्या डोक्यावर आधीच्याच लेखाचे नाव छापले जाते, आणि ते अनुक्रमणिकेच्या चुकीहून लाजिरवाणे, कारण तिथे एका लेखकाच्या लेखावर दुसऱ्याच्या लेखाचे नाव झळकते.

हेच नाव ई-पुस्तकात आणि दृष्टिहीन वाचकांपर्यंतही पोहोचते. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने पुस्तक ऐकणारा वाचक मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारत पुढे जातो. मथळा म्हणून खूण नसेल तर त्याला २०० पाने सलग ऐकावी लागतात. इनडिझाइनमध्ये प्रत्येक स्टाइलच्या ‘एक्स्पोर्ट टॅगिंग’मध्ये ही खूण एकदाच करता येते: ‘लेख मथळा’ला पहिल्या पातळीचा टॅग, ‘उपमथळा’ला दुसऱ्या, मजकुराला परिच्छेदाचा, ई-पुस्तकाच्या ईपब फाइलसाठी वेगळा, पीडीएफसाठी वेगळा. ‘लाल मोठे’ कधी मथळ्याला, कधी जाहिरातीच्या ओळीला, कधी किमतीला लावलेले असेल तर त्याला कोणता टॅग द्यायचा?

ज्या छोट्या नियतकालिकांना इनडिझाइनचे वार्षिक शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी स्क्रायबस हे मांडणीचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात १.५.३ या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरे नीट बसतात. एफ४ दाबले की त्याचा स्टाइल मॅनेजर उघडतो. वर्डसारख्याच लिबरऑफिसची फाइल आणताना स्क्रायबस जी खिडकी दाखवतो तिच्यात दस्तऐवजाचे नाव स्टाइलच्या आधी लावण्याचा पर्याय असतो. तो तसाच ठेवला तर चाळीस फाइलींमधून चाळीस वेगवेगळे ‘मजकूर’ येतात. तो काढून टाकावा. लिबरऑफिसमध्ये हेही लक्षात ठेवावे की अंगभूत स्टाइलची नावे मेनूच्या भाषेप्रमाणे बदलून दिसतात. आपण स्वतः तयार केलेली नावे मात्र आहेत तशीच राहतात. म्हणून दोन कार्यालयांत बोलणी होताना आपली, ठरलेली नावेच वापरावीत.

संपादकांना आणि प्रकाशकांना विनंती आहे की, ‘साहित्य पाठवा’ हे आवाहन करताना त्यासोबत वर्डचा एक छोटा टेम्प्लेटही द्यावा. त्यात दहा-बारा स्टाइल पुरेत, आणि त्यांची नावे मांडणीच्या टेम्प्लेटमधल्या नावांशी अक्षरशः जुळणारी असावीत. वर्डमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या वेगळ्या रकान्यात ठरतो. तो भरला नाही तर लेखकाला स्टाइल लावूनही फरक दिसणार नाही आणि तो पुन्हा हातानेच सजावट करू लागेल. टेम्प्लेटसोबत एक नमुनापान असावे, ज्यात प्रत्येक स्टाइल आपल्याच नावात छापलेली आहे आणि समोर ती कुठे वापरायची हे एका ओळीत लिहिले आहे. टेम्प्लेट बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि फाइलच्या नावात तारीख असावी.

भाषा संचालनालय वर्षानुवर्षे परिभाषा कोश तयार करत आले आहे. मथळा, उपमथळा, तळटीप, चित्रओळ, चौकट, अवतरण, परिशिष्ट यांसारख्या पंचवीस-तीस स्टाइल-नावांची एक प्रमाण यादी, वर्डच्या टेम्प्लेटसह, त्यांनी किंवा राज्य मराठी विकास संस्थेने सर्वांसाठी खुली करावी. आज एका प्रकाशकाकडची फाइल दुसऱ्याकडे गेली, किंवा जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, की पहिले दोन-तीन दिवस जातात ते नावे जुळवण्यात. यादी एक असेल तर फाइल उघडून थेट प्रूफ वाचायला बसता येईल. यंदाच्या अंकांचा मजकूर यायला सुरुवात होण्यापूर्वी निदान आपल्या वाचकांपैकी जे संपादक आहेत त्यांनी आपला टेम्प्लेट एकदा उघडून पॅनेलमधली नावे वाचावीत. ‘कॉपी’ हा शब्द किती वेळा दिसतो ते मोजले तरी काम कुठून सुरू करायचे ते कळेल.

आपला विश्वासू,
एक मांडणीकार, पुणे